मशीन डबीत ठेवून

पाच दहाची एसटी डेपोतून सुटली तेव्हा
हसमुखभाईंच्या पिशवीत थेपले, छुंदा
आणि गुडघ्यांना बांधायचे दोन पट्टे.
सुभानरावांनी जावयाचे बूट घातलेले, एक नंबर मोठे,
पुढे कालचा पेपर कोंबून.
माझ्या कानात मुलीनं घेऊन दिलेलं मशीन,
त्याची डबी खिशात, डबीत कापूस.

तिघांचं मिळून वय दोनशे एक.
तिघांची मिळून प्रतापनगरच्या वर्कशॉपात एकशे चार वर्षं.

पावागडला रोपवे असताना
हे तिघे मागच्या अंगानं का चढतायत
हे आधी चांपानेरच्या चहावाल्यानं विचारलं,
मग काकडी विकणाऱ्या पोरानं,
मग अर्ध्या तासानं, एका धोंड्यावर बसून,
सुभानरावांनी.

पोरगा म्हणजे दलसुख राठवा.
"काका, पगथियां त्या बाजूला," म्हणाला,
आणि आम्ही ऐकत नाही असं दिसल्यावर
टोपली आईकडे देऊन पुढे निघाला,
अनवाणी, हातात काठी,
चुकार शेरडं वळवावीत तसा आम्हाला वळवत.

श्रावण सरला होता. शेवाळ तेवढं मागे राहिलेलं.
पाय ठेवला की दगड आधी विचार करायचा,
याला धरू की सोडू.
करवंदीच्या जाळीनं माझी बाही ठेवून घेतली.
एका कड्यापाशी तर
दलसुख वरून हात ओढतोय,
हसमुखभाई अख्खे माझ्या खांद्यावर,
आणि खालून सुभानराव,
बॉयलर चढवताना म्हणायचे तसं,
"अजून. अजून. अजून थोडं... बस!
टाका पाचर."

दुधिया तळं वर होतं.
दूध नव्हे, ताकासारखं, आणि तेही कालचं.
आम्ही पाय सोडून बसलो.
रोपवेनं आलेली एक बाई, इस्त्री न मोडलेली,
विचारू लागली, किती वेळ लागला?
"साडेचार तास," हसमुखभाई म्हणाले.
तिनं काही न बोलता
पदरानं आम्हाला वारा घातला.

उतरताना कळलं, चढणं सोपं होतं.
बुटातला पेपर ओला होऊन बाहेर आला,
सुभानरावांनी त्यातलं राशिभविष्य वाचून दाखवलं:
प्रवास टाळावा.

धबधब्याचं नाव दलसुखनं सांगितलं.
मला ऐकू आलं नाही.

मशीनला धबधबा म्हणजे नुसती खरखर,
स्टेशन न लागलेला रेडिओ.
मी ते काढलं, डबीत ठेवलं,
डबी थेपल्यांच्या पिशवीत,
पिशवी हसमुखभाईंच्या मांडीवर.

आणि पाणी गप्प झालं.
एवढं मोठं पाणी,
कड्यावरून कुणी चादर झटकावी तसं येतंय,
खाली फुटतंय, पुन्हा येतंय,
आणि आवाज नाही.
दलसुखचं तोंड हलतंय, आवाज नाही.
एक खंड्या माझ्यावरून गेला,
निळा,
तोही नुसता निळा.

मग मी आत गेलो.
आधी टाळूवर, मग मानेत, मग दातांत,
आणि तिथं, हाडाच्या आत कुठेतरी,
घण सुरू झाला.
साडेसातच्या पाळीचा, लोहारखात्यातला तोच,
ज्यानं एकेक करून माझे दोन्ही कान नेले.
चौतीस वर्षं त्याला शिव्या दिल्या.
मी पाय रोवून उभा राहिलो,
भोंगा होईपर्यंत राहायचो तसा.
काहीतरी ओरडलोही.
काय, ते माझं मलाच कळलं नाही,
पण काठावरचे तिघे
पोट धरून हसताना दिसले.

दलसुख पैसे घेईना.
मग आम्ही आईजवळची उरलेली टोपलीभर काकडी घेतली.

बसमध्ये मशीन घातलं नाही.
दांडिया बाजारापर्यंतही नाही.
दार मुलीनं उघडलं.
माझ्या बाहीकडं पाहिलं, काकड्यांकडं पाहिलं,
तिचे ओठ बराच वेळ हलत राहिले.
थांबले तेव्हा
मी म्हणालो,
"साडेचार तास."